स्पेलिंग म्हणून घेऊ नका, लिहून घ्या : केंद्रप्रमुखांना एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी यांस,

विषय : पहिली-दुसरीच्या इंग्रजी स्पेलिंगची शाळाभेटीत होणारी तपासणी

साहेब आणि मॅडम, स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळाभेटीत इंग्रजीचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "एलिफंटचं स्पेलिंग कोण सांगेल?" एखादं चुणचुणीत पोर उठतं, हाताची घडी घालतं आणि एका दमात म्हणून मोकळं होतं. "ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी एलिफंट, एलिफंट म्हणजे हत्ती." वर्ग टाळ्या वाजवतो आणि शेरेबुकात 'इंग्रजीची तयारी समाधानकारक' असं लिहिलं जातं. माझी तक्रार या शेऱ्याबद्दल आहे.

त्याच पोराच्या हातात पाटी द्या आणि 'शॉप' लिहायला सांगा. अवघड काही नाही, तीन आवाजांचा शब्द आहे. 'शिप'चं स्पेलिंगही त्याला तोंडपाठ असतं, तरी 'शॉप' म्हटलं की ते खडू चावत बसतं. कारण 'एस-एच-आय-पी शिप' हे त्याच्यासाठी एक अखंड गाणं आहे. गाण्यातल्या पहिल्या दोन अक्षरांनी मिळून 'श' होतो, आणि तोच 'श' उचलून दुसऱ्या शब्दाला लावता येतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. का सांगितलं नाही? कारण तपासणीत ते कोणी विचारत नाही. जे विचारलं जाईल तेच वर्गात होतं. मीही नोकरी करते, मला हे ठाऊक आहे.

महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज स्वतः पालक झाली आहेत. पाठ्यपुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, गाणी आणि संवाद आले, प्रशिक्षणांत 'फोनिक्स', म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला-लिहायला शिकवणं, हा शब्दही आला. स्पेलिंगची तपासणी मात्र आमच्या लहानपणी होती तशीच राहिली : दहा फळं, दहा प्राणी, आठवड्याचे वार, महिन्यांची नावं. हल्ली त्यात व्हिडिओची भर पडली आहे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलीतली मुलगी बाराही महिने स्पेलिंगसह म्हणताना दिसली की खाली अभिनंदनाची रांग लागते. त्या बिचारीला 'फेब्रुवारी'तल्या पहिल्या 'आर'चं काय करायचं ते मोठेपणीही कळणार नाही, मला अजून कळलेलं नाही.

इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४. म्हणजे बरेच आवाज असे की त्यांना स्वतःचं अक्षरच नाही. ती तूट दोन-दोन अक्षरं एकत्र बसवून भरून काढलेली आहे. एस-एच म्हणजे श, सी-एच म्हणजे च, टी-एच म्हणजे थ किंवा द, डबल ई म्हणजे ई, डबल ओ म्हणजे ऊ. रोमन लिपी मुळात लॅटिन भाषेची, तिच्यात यातले काही आवाज नव्हते. जुन्या इंग्रजीत 'शिप' हा शब्द एस-सी-आय-पी असा लिहीत. पुढे नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या, अमदानीतल्या लेखनिकांच्या हातून 'एच' हे अक्षर मदतनीस म्हणून जागोजागी लागत गेलं. आपण मराठी नावं रोमन लिपीत लिहायला लागलो तेव्हा आपणही तेच केलं. ख, घ, भ, ध लिहायला तोच 'एच' कामाला लावला. या जोड्या पंधरा-वीस आहेत. तेवढ्या हातात आल्या की पहिली-दुसरीला लागणारे शेकडो साधे शब्द मूल स्वतः मांडू शकतं. पाठ करायचे उरतात ते थोडे.

आता चुकांकडे बघू. दुसरीच्या वर्गात मी 'फिश' हा शब्द श्रुतलेखनात दिला. एका मुलीने लिहिलं एफ-आय-एस. दुसऱ्या मुलाने लिहिलं एफ-एस-आय-एच. तपासणाऱ्याच्या लाल पेनाला दोन्ही चूकच, उलट मुलाची चूक 'थोडक्यात गेली' असं वाटतं, कारण त्याची चारही अक्षरं बरोबर आहेत. माझ्या हिशेबाने मुलगी पुढे आहे. तिने शब्द ऐकला, त्याचे तीन आवाज सुटे केले, तीनही ओळीने लिहिले. तिला फक्त 'श' कसा लिहायचा हे माहीत नाही, आणि ते एका तासिकेचं काम आहे. मुलाने काही ऐकलेलंच नाही. पाठ केलेली चार अक्षरं त्याने जशी आठवली तशी ओतली. त्याच्याकडून 'डिश' लिहून घ्या, काहीच येणार नाही. मुलीला एस-एच दाखवा, ती 'डिश', 'शॉप', 'शिप', 'कॅश' सगळं लिहील. तिच्या त्याच वहीत 'डक' डी-यू-के आहे, 'ट्री' टी-आर-आय आहे, 'मून' एम-यू-एन आहे. म्हणजे सी-के, डबल ई आणि डबल ओ या तीन जोड्या बाकी आहेत. ही वही मला पुढच्या महिन्याचं नियोजन आयतं करून देते. तोंडी घेतलेल्या एलिफंटमधून मला काय कळतं? पोराचा दम चांगला आहे, एवढंच.

आणखी एक चूक बघण्यासारखी आहे. बरीच मुलं 'चेअर' लिहिताना सुरुवातच 'एच'ने करतात. हसू येतं, पण 'एच' असं मोठ्याने म्हणून बघा. त्या नावात च आहे, ह नाही. 'वॉल'ला काही जण 'वाय' लावतात, कारण 'वाय' म्हणताना तोंडातून आधी व निघतो. 'जार' जी-ए-आर असा येतो, कारण 'जी'मध्ये ज ऐकू येतो. पोरं बिनडोक नाहीत. आपण त्यांना अक्षरांची नावं शिकवली आणि आवाज शिकवलेच नाहीत, म्हणून ती हातात आहे त्या नावातूनच आवाज काढत बसतात. मराठीत हा प्रश्न येत नाही, आपल्या अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. म्हणून इंग्रजीतही तसंच असेल असं मूल धरून चालतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

उपायही आपल्याच फळ्यावर आहे. इंग्रजी 'बी'चा आवाज 'बी' नाही आणि 'ब'ही नाही, तो पाय मोडलेला ब् आहे. आमच्या मुलांना पाय मोडणं छान कळतं. 'ब-ॲ-ट' असं म्हटलं तर त्यातून 'बॅट' निघत नाही, 'बअॅटअ' असं काहीतरी निघतं. ब्, ॲ, ट् म्हटलं की निघतं. देवनागरी शिकलेल्या मुलाला हा फायदा आहे, आणि आम्ही तो इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवतो.

मात्र देवनागरीचीच एक सवय इथे आडवी येते. जोडाक्षरात दोन्ही व्यंजनं आपापला आवाज राखून असतात. 'भक्त'मध्ये क् ऐकू येतो, त ऐकू येतो. जोडाक्षरं नुकतीच शिकलेलं दुसरीचं मूल इंग्रजीत एस-एच शेजारी शेजारी बघतं आणि त्याच न्यायाने 'स्हिप' वाचतं. 'स्टॉप'मध्ये हा न्याय चालतो, एस आणि टी दोन्ही ऐकू येतात. 'शिप'मध्ये चालत नाही, तिथे दोन अक्षरं मिळून तिसराच आवाज देतात. हा फरक फळ्यावर उघड मांडावा लागतो. मी एस-टीखाली दोन टिंबं देते आणि एस-एचखाली एक रेघ. टिंब दिसलं की वेगळं म्हणायचं, रेघ दिसली की एकच आवाज काढायचा. याला ना फ्लॅशकार्ड लागतं ना प्रोजेक्टर.

जोड्यांची सुरुवात कुठून करायची? प्रशिक्षणात सांगतात चित्रापासून, शार्क आणि चेरीपासून. आमच्या पोरांनी दोन्ही पाहिलेले नाहीत. मी हजेरीपटापासून करते. वर्गात शिंदे असतो, चव्हाण असतो, थोरात असते. प्रत्येकाचं आडनाव आधार कार्डावर रोमन लिपीत आहे आणि मुलांना ते कार्ड दाखवायला फार आवडतं. शिंदेचा 'श' कोणत्या दोन अक्षरांनी लिहिलाय ते बघा, आता तोच 'शॉप'ला लावा. चव्हाणचा 'च' चेअरला द्या. भिंतीवर महात्मा फुल्यांची तसबीर असते, त्यांच्या नावातला पी-एच दाखवला की फोन, फोटो आणि तुमचा तो एलिफंट, तिघांचाही प्रश्न सुटतो. अक्षरं उसनी नाहीत, आपल्याच नावात आहेत, म्हटल्यावर पोरांची मान जरा ताठ होते. शेवगाव, शिर्डी, चिपळूण, चिखली अशी गावंही चालतात. रेल्वे स्टेशनच्या आणि रस्त्याच्या पाट्यांवर नाव दोन्ही लिपींत असतं, एकाखाली एक.

पण ही युक्ती व्यंजनांपुरतीच, हे केंद्रातल्या शिक्षकांना आवर्जून सांगा. स्वरांत ती फसते. वैभवच्या नावात ए-आय म्हणजे ऐ आहे, मुंबईच्या शेवटी तेच ए-आय 'अई' होतं, आणि इंग्रजी 'रेन', 'ट्रेन', 'टेल'मध्ये ते ए आहे. औरंगाबादच्या रोमन स्पेलिंगात ए-यू म्हणजे औ होता, इंग्रजी 'ऑगस्ट'मध्ये तो ऑ आहे. डबल ई आणि डबल ओ मात्र आपल्याकडेही तसेच वापरतात. वर्गातली पूजा डबल ओने नाव लिहीत असेल तर 'मून' आणि 'स्पून' तिच्या नावावर खपवून टाका. एखादी पूजा एका 'यू'ने लिहिते, तिला नाराज करू नका. आणि टी-एच शिकवताना ठाण्याची पाटी लपवा. तिथे तो ठ आहे, इंग्रजीत टी-एचचा ठ कधीच होत नाही, पण एकदा तसं डोक्यात बसलं की मूल 'थिन'ला 'ठिन' म्हणत राहतं.

इंग्रजीच्या स्पेलिंगला काही नियमच नाहीत, असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. प्रशिक्षण देणारेही म्हणतात. बेशिस्त खूप आहे, मान्य. पण जागेचे नियम चांगले पाळले जातात. ए-आय शब्दाच्या मध्ये येतो, शेवटी आला की ए-वाय होतो : रेन आणि डे, ट्रेन आणि प्ले. ओ-आय मध्ये, ओ-वाय शेवटी : कॉइन आणि बॉय, बॉइल आणि टॉय. क हा आवाज आखूड स्वरानंतर लगेच शेवटी आला तर सी-के : डक, सॉक, किक, ब्लॅक. स्वर आणि क यांच्या मध्ये दुसरं व्यंजन आलं तर नुसता के : मिल्क, बँक, डेस्क. आखूड स्वराच्या छोट्या शब्दात शेवटी एल, एस किंवा एफ आला की तो बहुधा दोनदा लिहायचा : बेल, ग्लास, ऑफ. याला अपवाद आहेत, बस आहे, यस आहे. तरीही पाठ करायच्या शब्दांची यादी बरीच कमी होते. आणि जागा बदलली की लेखन बदलतं, हे मराठी मुलाला काही परकं नाही. 'पाणी', 'लाडू' यांत शेवटचा स्वर दीर्घ लिहायचा हे आपण त्याला शिकवतोच, 'फूल'चा दीर्घ ऊ 'फुलाला'मध्ये ऱ्हस्व होतो हेही शिकवतो. तिथे त्याला नियम देतो आणि इंग्रजीत नुसतं पाठ कर म्हणतो, हे कुठलं गणित?

जोड्यांनी सगळं भागत नाही. 'सेड', 'वॉज', 'वन', 'दे' हे शब्द पाठच करावे लागतात. ई-ए ही जोडी तर फार लबाड : 'सी' म्हणजे समुद्र यात ती ई आहे, 'ब्रेड'मध्ये ए, 'ग्रेट'मध्ये पुन्हा वेगळीच. तिला तिसरीपर्यंत हात लावू नये असं माझं मत. आणि शाळेच्या कमानीवर रोज दिसणारा 'स्कूल' हाच शब्द घ्या, त्यात सी-एचचा क होतो! ज्या जोडीला आम्ही वर्गात च म्हणतो ती गेटवर क म्हणते. पोरं विचारतातच. मी सांगते, तो पाहुणा आहे, ग्रीकमधून आलाय, त्याला वेगळं पान देऊ.

हे सगळं पहिलीच्या जूनपासून सुरू करा, असं मी म्हणत नाही. ज्या मुलाला 'कमळ' वाचता येत नाही त्याच्यापुढे एस-एच टाकण्यात काही अर्थ नाही. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, त्याचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल समजून वाचतं-लिहितं व्हावं हे आहे, आणि ते वाचन आधी मराठीतच घडलं पाहिजे. तोवर पहिलीत इंग्रजी कानांनी आणि तोंडाने घ्यावं. गाणी, सूचना, 'कम हिअर', 'ओपन द डोअर'. आवाज सुटे करण्याचे खेळ तोंडी चालू शकतात : 'मॅट'मधला म् काढून क् घाल, काय झालं? सुटी अक्षरं आणि त्यांचे आवाज पहिलीच्या शेवटी, जोड्या दुसरीत, आठवड्याला एक. हा माझा क्रम, दुसऱ्या शिक्षकाचा वेगळा असेल. माझा आग्रह वेळापत्रकाचा नाही, तपासणीचा आहे.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून दरवर्षी जूनमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक तपासणी होते. शिक्षक एकेका मुलाला शेजारी बसवून ४० शब्द वाचायला देतात. त्यातले २० खरे आणि २० निव्वळ बनावट, कुठल्याही शब्दकोशात नसलेले. बनावट शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हे त्या प्राण्याचं नाव आहे, अर्थ शोधत बसू नये. बनावट शब्द पाठ करून येता येत नाही, तो वाचावाच लागतो. या तपासणीवर तिथेही वाद आहेत, आणि ते रास्त आहेत. बनावट शब्दांचा सराव करून घेण्यात वर्ष घालवणारे शिक्षक तिथेही आहेत. शिवाय तिथल्या बहुतेक मुलांच्या कानावर घरी इंग्रजी पडतं, आमच्या मुलांच्या कानावर ते शाळेबाहेर टीव्हीतल्या जाहिरातींतूनच पडतं. म्हणून ती परीक्षा इथे जशीच्या तशी आणू नका, राज्यस्तरीय तर मुळीच करू नका. आणखी एक ऑनलाइन माहिती भरायला आमच्याकडे वेळ नाही. पण त्यातली एक गोष्ट शाळाभेटीत फुकट वापरता येते : मुलाला आधी न दिसलेला शब्द द्या.

तर विनंती अशी. वर्गात आल्यावर आधी शिक्षकाला विचारा, कोणत्या जोड्या झाल्या? एस-एच, सी-एच, डबल ई झाल्या म्हणाला, तर त्याच जोड्यांचे पाच-सहा शब्द स्वतः सांगा आणि पाटीवर लिहून घ्या. शीट, चीक, शिन, चॉप, चिप. त्यात एक-दोन बनावट टाका, 'शीग', 'चीब', काहीही, पोरांना गंमत वाटते. एका हुशार पोराकडून नको, मागच्या रांगेतल्या चौघांकडून. चूक आली तर ती कसली आहे ते बघा : जोडी माहीत नसल्याची, की आवाज ऐकूच न आल्याची? शेऱ्यात 'समाधानकारक'ऐवजी 'सी-के अजून बाकी' असं लिहिलंत तर तो शेरा मी खरोखर वाचेन आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावेन.

शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, इंग्रजीसाठी अर्धा तास द्या, तोही पीपीटीशिवाय. आम्ही शिक्षकांनी एकमेकांसमोर आवाज काढून बघायचे. आमच्यापैकी बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे, 'शिप' आणि 'शीप'मधला फरक आम्ही लिहून सांगतो पण बोलताना दोन्ही एकच करतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने बोलण्यात फारसं बिघडत नाही, म्हणून जिभेला सवय नाही. लाज वाटण्याचं कारण नाही, पण वर्गापुढे जाण्याआधी कोणीतरी आमच्याकडून ते म्हणून घ्यायला हवं. केंद्रातल्या एखाद्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना बोलवा, चहापाणी आम्ही बघू.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमात लांब स्पेलिंग म्हणून दाखवण्याची जी हौस असते, ती जरा आवरती घ्यायला सांगा. पालकांना ती आवडते हे खरं. सेमी इंग्रजीच्या शाळेशी स्पर्धा आहे आणि गावातला पट टिकवायचा आहे, हेही खरं. पालकांना दाखवायचंच असेल तर गर्दीतून कोणालाही एक छोटा शब्द विचारू द्या आणि पोराला तो फळ्यावर लिहू द्या. पालकही बघतील, टाळ्याही वाजतील.

माझ्या दुसरीच्या वर्गात तुम्ही कधीही, न कळवता या. एस-एच, सी-एच, टी-एच, सी-के, डबल ई, डबल ओ आणि ए-आय झालं आहे. ओ-डब्ल्यू अजून घेतलेलं नाही, तेवढं सोडून काहीही विचारा.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका